दिवा आधी की ब्रश आधी?

तुळशीबागेत राममंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये पूर्वी नेलपेंटला फार जागा नसे. बांगड्या, टिकल्या, पिना आणि खोट्या दागिन्यांच्या गर्दीत बाटल्यांचा एखादा ट्रे, तोही बहुधा लाल, गुलाबी आणि मरून रंगांचा. आता नखांच्या सामानाने स्वतःचं टेबल मिळवलं आहे. खोट्या नखांची पाकिटं, खड्यांच्या गोल डब्या, डॉटिंग टूलचे संच, चंदेरी पट्ट्यांची रिळं आणि या सगळ्याच्या मधोमध मांडलेला पांढरा यूव्ही दिवा. मंडईचं मेट्रो स्टेशन सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाल्यापासून पिंपरी-चिंचवडकडच्या मुलींनाही कॉलेज सुटल्यावर इथे येणं सोपं झालं आहे. पहिल्यांदाच नेल आर्ट करू बघणाऱ्या मुलीचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: “पूर्ण किट आहे का?”

या ‘पूर्ण किट’वरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. एका बाजूला माझी लेक. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दिवाळीनंतरच्या लग्नसराईत मैत्रिणींची, त्यांच्या बहिणींची नखं रंगवून चार पैसे मिळवायचा तिचा बेत आहे. दुसऱ्या बाजूला माझी नणंद, जिने नारायण पेठेत बरीच वर्षं पार्लर चालवलं आणि गुडघे दुखायला लागल्यावर बंद केलं. दोघींचं बोलणं इथे देते आहे, कारण सुरुवात करणाऱ्या कुठल्याही मुलीने पैसे खर्च करण्याआधी ते ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

लेक : आत्या, तू यादी कर म्हणालीस, मी केली. जेलचे बारा रंग, दिवा, ड्रिल मशीन, खोटी नखं, गोंद, खडे. सगळं एकाच डब्यात मिळतंय. सुटं घ्यायला गेलं की महाग पडतं.

आत्या : यात रिमूव्हर कुठाय?

लेक : तो घरात आहे.

आत्या : घरातला बिनॲसिटोनचा आहे. त्याने साधं नेलपेंट निघेल, जेल नाही. म्हणजे लावायची तयारी पूर्ण आणि काढायची काहीच नाही. आमच्याकडे नवीन मुलगी कामाला लागली की मी तिला आधी रंग काढायला शिकवायचे, लावायला नंतर. कापूस भिजवून नखावर दाबून धरायचा, पाच-सात सेकंद थांबायचं, मग मुळाकडून टोकाकडे एकदाच ओढायचा. घासाघीस केली की रंग कातडीत, नखाच्या कडेला जाऊन बसतो. कोविडच्या साथीत लोकांनी घरोघरी ऑक्सिमीटर आणले, तेव्हा गडद नेलपेंट काढून बोट घाला म्हणून सांगायची वेळ आली. ऑपरेशनच्या आधीही काढायला सांगतात. अशा वेळी ज्यांच्या बोटांवर जेल होतं त्यांचे हाल झाले.

लेक : बरं, ॲसिटोन घेते. पण सगळा खर्च साध्या गोष्टींवर केला तर नवीन काय केलं मी? नेलपेंट तर शाळेतल्या मुलीही लावतात.

आत्या : सामान कुठल्या क्रमाने घ्यायचं ते सांगते. हातून चूक झाली तर ती निस्तरायला काय लागेल, ते आधी बघायचं. साधं नेलपेंट बाहेर गेलं तर कापसाचा बोळा लागतो. जेल कातडीवर गेलं आणि तसंच दिव्याखाली घातलंस, तर एखादीला जन्माची ॲलर्जी होऊ शकते. ड्रिल जरा जास्त दाबलंस तर नख घासून पातळ होतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे ते पातळ झालेलं नख पुढे सरकून कापलं जायला सहा महिने. ज्याची चूक स्वस्त, ते आधी. ज्याची चूक महाग, ते हात बसल्यावर.

लेक : हेच उलट्या बाजूने बघ ना. नेलपेंट हवेत सुकतं. एक रेघ काढून दुसरी काढेपर्यंत पहिली चिकट झालेली असते. ब्रश परत फिरवला की ओरखडा उठतो. नवशिकीला तर जास्त वेळ लागणार. जेल दिव्याखाली जाईपर्यंत सुकतच नाही. रेघ वाकडी गेली तर पुसून परत काढा, दहा वेळा काढा. मग चूक नक्की कशात स्वस्त पडते?

माझ्या मते हा लेकीचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे, आणि तो खरा आहे. साधं नेलपेंट म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं द्रावण. त्यातलं इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेट उडून गेलं की नखावर पातळ पापुद्रा उरतो. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ही उडायची क्रिया इतकी झपाट्याने होते की उघडी बाटलीही डोळ्यांदेखत घट्ट होते. वर पंखा मोठा केला तर वरचा थर आधी सुकतो, आतलं द्रावण अडकतं आणि बुडबुडे येतात. जेलचं तसं नाही. त्याला विशिष्ट लांबीच्या प्रकाशलहरी मिळेपर्यंत ते ओलंच राहतं. रेघेच्या कामाला जेल सोयीचं, यात वाद नाही.

आत्या : रेघेची चूक आणि कातडीची चूक, दोन्ही एकच धरतेस तू. रेघ वाकडी गेली तर नख वाईट दिसेल, एवढंच. जेल कच्चं असताना कातडीला लागणं वेगळं. हे सामान मुळात दातांच्या दवाखान्यातलं आहे, माहितीये? अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं नख तुटलं, तेव्हा त्याने दातांसाठी वापरायच्या ॲक्रिलिकने ते सांधलं. तिथून ही खोटी नखं आली. आजच्या जेलमध्येही त्याच कुळातली रसायनं आहेत. म्हणून तर घोर लागतो. नखांमुळे एकदा ॲलर्जी जडली की पुढे दातात सिमेंट भरताना, हाडाच्या ऑपरेशनला सिमेंट वापरताना अडचण येऊ शकते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली जाहीर इशारा दिला होता, आणि त्यात घरच्या घरी वापरायच्या किटचा मुद्दाम उल्लेख होता. युरोपात २०२० साली नियमच झाला: हेमा नावाचं जे रसायन जेलमध्ये असतं, ते असलेला माल फक्त व्यावसायिकांनी वापरायचा आणि बाटलीवर ॲलर्जीची सूचना छापायची.

लेक : मग हेमा नसलेलं घेते. मिळतं तसं.

आत्या : घे. पण हेमा नसलं तरी त्याची भावंडं असतातच. दिव्याखाली जेल कडक होण्यासाठी जे घालतात, त्यातलं टीपीओ युरोपने १ सप्टेंबर २०२५पासून बंद केलं. हे बदलतच राहणार. बाटलीवर काय लिहिलंय त्यावर विसंबण्यापेक्षा कातडीला न लागू देणं आपल्या हातात आहे.

लेक : दिव्याच्या यूव्हीनेही पेशी मरतात म्हणून बातमी आली होती, त्यावरूनही आई घाबरली होती. मी ते वाचलं नीट. जानेवारी २०२३मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांचा निबंध आला. त्यांनी पेशी बशीत ठेवून सलग वीस मिनिटं दिव्याखाली धरल्या. आपल्या हातावर कातडीचा थर असतो आणि आपण एका वेळी मिनिटभर धरतो. त्यामुळे त्यावरून लगेच कॅन्सर होतो असं म्हणणं चूक आहे. तरी बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालीन मी, किंवा सनस्क्रीन लावीन. एवढं पुरे ना?

आत्या : पुरे. दिव्याच्या प्रकाशाला मी तेवढी घाबरत नाही. मला काळजी आहे ती अर्धवट कडक झालेल्या जेलची. दिव्यावर ४८ वॅट लिहिलंय म्हणून काही कळत नाही. त्या जेलला ज्या लहरी हव्यात त्या त्या दिव्यातून निघतात का, हे महत्त्वाचं. म्हणून जेल आणि दिवा एकाच कंपनीचा घ्यायचा. तुझ्या त्या डब्यात दिवा एकाचा, बाटल्या दुसऱ्याच्या, आणि वर थर जाड दिलेला. वरून कडक, आत कच्चं. बाई घरी जाते, भांडी घासते आणि आठ दिवसांनी बोटांची टोकं खाजायला लागतात.

लेक : मग माझं सुरुवातीचं सामान काय, तूच सांग.

आत्या : एक फायलर, १८० आणि २४० नंबरचा. याहून खरखरीत, १०० नंबरचा, फक्त खोट्या नखांना, आपल्या नखाला नाही. एक बफर. कापूस, ॲसिटोन, साधा रिमूव्हर. लाकडी काडी, जिने क्युटिकल मागे सारता येतं. बेस कोट, टॉप कोट. तीन रंग: एक गडद, एक फिकट आणि एक चांगला दाट पांढरा. पांढऱ्यात काटकसर करू नकोस. स्वस्त पांढरा रेघारेघांचा बसतो, तीन हात दिले तरी खालचं नख दिसत राहतं. आणि क्युटिकलला लावायला तेल. बदामाचं चालेल, घरचं खोबरेलही चालेल.

लेक : डॉटिंग टूल?

आत्या : मण्याच्या टाचणीने सुरू कर, नाहीतर रिकाम्या झालेल्या बॉलपेनच्या टोकाने. ठिपका मोठा हवा तर जाड टोक, बारीक हवा तर टाचणी. हात बसला की तुळशीबागेतून पाचांचा संच आण, तो फार महाग नसतो. तोवर कागदपत्रं ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर ठिपक्यांची रांगोळी काढ. सात ठिपके, सात ओळी, सगळे सारखे. प्रत्येक ठिपक्याला टोक रंगात बुडवायचं आणि उभं टेकवायचं. एकदा बुडवून पाच काढलेस तर पहिला मोठा आणि पाचवा नुसता डाग येतो.

लेक : आणि नुसतं नेलपेंट लावायचं ते? ते मला येतं.

आत्या : दाखव.

लेकीने लावून दाखवलं. आत्याने पुढचं सगळं सांगितलं ते तिचं मनगट धरून, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात मोलाचं ते मला तिथे मिळालं. बाटली हलवायची नाही, हलवली की हवेचे बुडबुडे शिरतात. तळव्यांमध्ये घेऊन फिरवायची. ब्रश बाहेर काढताना एक बाजू बाटलीच्या तोंडावर पूर्ण पुसून घ्यायची, दुसऱ्या बाजूला थेंब ठेवायचा. नखाच्या मधोमध, क्युटिकलपासून थोडं अलीकडे टेकवायचा आणि हलकेच मागे ढकलायचा. केस पसरतात आणि आपोआप गोलाई येते. तिथून टोकापर्यंत एकच पट्टा. मग डावीकडे एक, उजवीकडे एक. टोकाच्या कडेवरूनही शेवटी ब्रश फिरवून घ्यायचा, म्हणजे रंग टोकाकडून सुटत नाही. पातळ दोन हात, मधे पुरेसा वेळ. आणि कातडी आणि रंग यांच्यात सगळीकडून केसभर फट. लेकीच्या पाच नखांपैकी तिनांवर रंग कडेच्या कातडीवर गेला होता.

आत्या : ही फट राखता आली की जेल आण, मी दिव्याला नाही म्हणणार नाही. आज हे जेल असतं तर तीन बोटांवर ते कच्चं बसलं असतं.

लेक : नेलपेंट पसरतं म्हणून गेलं. जेल घट्ट असतं.

आत्या : सगळं जेल घट्ट नसतं. पातळ असेल तर दिव्याखाली हात नेईपर्यंत कडेच्या खाचेत वाहून जातं.

लेक : मग रेघांचं काय? मला नथ काढायचीय, पैठणीचा मोर काढायचाय, चंद्रकोर काढायचीय. साध्या नेलपेंटने मोराची मान कधी यायची नाही.

आत्या : नाही येणार. त्याला चित्रकलेचे रंग घे. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेली कॅम्लिन ठाऊक आहे ना? त्यांचे कॅमलचे ॲक्रिलिक रंग. अप्पा बळवंत चौकात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात सुट्या ट्यूब मिळतात. तिथूनच तीन शून्यांचा ब्रश घे, सिंथेटिक केसांचा. नेलपेंटचा थर पूर्ण सुकला की त्यावर या रंगाने चित्र काढायचं. पाण्याचा रंग आहे, चुकलं तर ओल्या इअरबडने पुसता येतं आणि खालच्या थराला काही होत नाही. वरून टॉप कोट. फक्त रंग नखाच्या थरावरच राहू दे. तो सौंदर्यप्रसाधन म्हणून केलेला नाही.

लेक : पण ॲक्रिलिक मिनिटा-दोन मिनिटांत सुकतो. सुकला की पाण्याने जात नाही.

आत्या : हो. पण मिनिटात चूक दिसतेच की. आणि खरवडताना खालचं बिघडलं तर तेवढं नख परत कर. हात असाच बसतो.

इथे मी मधे पडून वारलीचा विषय काढला, आणि पुढचा अर्धा तास त्यातच गेला. पालघरकडच्या वारली चित्रांत माणूस दोन त्रिकोणांत उभा राहतो, टोकाला टोक लावून. वरचा उलटा, खालचा सुलटा. डोकं म्हणजे एक ठिपका, धडापासून जरा सुटा. हातपाय म्हणजे बारीक रेघा. एवढ्याशा नखावर याहून सोपं आणि याहून बोलकं काही नाही. सामानही किती कमी लागतं: गेरूच्या रंगाचं नेलपेंट, पांढरा ॲक्रिलिक, टाचणी आणि तीन शून्यांचा ब्रश. लेकीने अंगठ्यावर तारपा वाजवणारा काढला आणि चार बोटांवर नाचणाऱ्यांची साखळी. एकेका माणसाला सहा-सात फटकारे. हातपायांना ब्रशवर रंग किती कमी घ्यावा लागतो, हे तिचं तिलाच कळलं. रंग पाण्याने इतका पातळ करायचा की ब्रशचं टोक टेकवताच उतरावा, पण ओघळू नये. तिसऱ्या बोटावरची मंडळी पहिल्यापेक्षा चांगली नाचत होती.

लेक : ब्रशचं पटलं. पण मग ब्रश तरी चांगला घेऊ दे. तुळशीबागेतल्या दहाच्या संचातल्या ब्रशचे केस पहिल्याच वापरात फाकले.

आत्या : ब्रश चांगलाच घे, त्यात मी तुझ्या बाजूने आहे. दहा वाईट ब्रशांपेक्षा एक चांगला. वापरून झाला की लगेच पाण्यात धुवायचा, टोक बोटांनी जुळवायचं आणि आडवा ठेवायचा. केसांवर उभा ठेवलास तर एका रात्रीत वाकतो. ॲक्रिलिकचा ब्रश आणि नेलपेंटचा ब्रश वेगळा ठेव. ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या ब्रशचं आयुष्य फार नसतं.

लेक : आणि बाटल्या? तिथे एक बाटली स्वस्तात मिळते आणि रंगही छान असतात.

आत्या : बाटली उलटी करून बघ. करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, बॅच नंबर, कुठवर वापरायची ती तारीख, परवान्याचा नंबर. बाहेरून आलेला माल असेल तर आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणीचा नंबर. २०२०च्या कॉस्मेटिक्स नियमांत हे सगळं आलंय. यातलं काहीच नसेल तर रंग कितीही छान असो, ठेवून दे. आमच्या लहानपणीही कुठल्याही नेलपेंटला क्युटेक्सच म्हणायचे. त्याच्याही आधी चांगला माल बाहेरूनच यायचा. टाटांनी १९५२ साली लॅक्मे काढली, तेव्हा आपल्या बायकांच्या हातात इथली बाटली आली. आज इथे चांगला माल बनतो. बेनावाची बाटली घ्यायचं कारणच काय?

लेक : आता निर्जंतुक करायचं सांग. सगळ्या मैत्रिणी एकच फायलर वापरणार आहेत.

आत्या : अजिबात नाही. कागदाच्या फायलरमध्ये नखाचा भुगा अडकतो, तो धुता येत नाही. जिचा फायलर तिचा, पाकिटावर नाव लिही. क्युटिकल मागे सारायचा पुशर, कात्री असलं धातूचं सामान साबणाने घासून धू, कोरडं कर आणि मग सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. औषधाच्या दुकानात मिळतं. वाटीभर पाण्यात डेटॉलचे चार थेंब टाकून दिवसभर त्यातच सगळ्यांचं सामान बुचकळायचं, ही पार्लरमधली वाईट खोड आहे. आणि क्युटिकल कापायचा निपर मुळीच घेऊ नकोस. क्युटिकल म्हणजे नखाच्या मुळाचं दार, तोडलंस की जंतू आत. नखुरडं झालेलं बोट बघितलंयस कधी? रात्रभर ठणकतं.

लेक : पार्लरमध्ये तर सगळ्याच कापतात.

आत्या : मीही कापायचे, गिऱ्हाईक मागायचं म्हणून. शिकताना नाही कापायचं. तेल लाव, मऊ होऊ दे, काडीने मागे सार.

इथवर आत्याची बाजू वरचढ होती. मग लेकीने जे मांडलं त्याने बोलण्याची दिशाच बदलली. आत्याच्या पार्लरच्या दिवसांत ही कल्पनाच नव्हती.

लेक : आत्या, मी कुणाच्या हाताला हात लावणारच नाही असं म्हटलं तर? खोटी नखं सुटी असतात. त्यांना खाली चिकटपट्टी लावून स्टँडवर उभी करायची आणि टेबलावर रंगवायची. जेल लावलं तरी गिऱ्हाइकाच्या कातडीला कच्चं काही लागत नाही. दोन्हीकडून नीट कडक करायचं, वेळ जास्त द्यायचा. मग डबीत भरून द्यायची. ती लग्नाच्या दिवशी स्वतः लावेल, दुसऱ्या दिवशी काढेल. रोज वरणभात कालवायला नखं मोकळी.

आत्या : (थोडं थांबून) लावणार कशाने?

लेक : गोंदाने नाही, दोन्हीकडून चिकटणाऱ्या पारदर्शक चकत्यांनी. त्या दिवसभर टिकतात. कोमट साबणपाण्यात हात बुडवला की निघतात. आधी नख पुसून कोरडं करायचं, तेल अजिबात नको.

आत्या : हे बरं आहे. गौरी-गणपतीच्या नैवेद्याला उकडीचे मोदक वळायचे असतात तेव्हा एवढ्या मोठ्या नखांनी पारी फाटते, कळी येतच नाही. सकाळी मोदक वळायचे आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला नखं लावायची. पण तुझ्या हाताचं काय? गिऱ्हाइकाची एकच जोडी, तू दिवसाला चार जोड्या करणार. ॲलर्जी आधी करणारीलाच होते. पार्लरच्या मुलींना जास्त होते ती म्हणूनच.

लेक : हातमोजे घालीन.

आत्या : कुठले? पातळ रबराच्या मोज्यांतून ही रसायनं आरपार जातात. नायट्राइलचे घे आणि तेही अर्ध्या तासाने बदल. जेल सांडलं तर बोटाने पुसायचं नाही. ज्या कापडाने पुसलंस ते दिव्याखाली धरून कडक करायचं, मग टाकायचं. खिडकी उघडी. भुगा उडतो म्हणून घासताना तोंडाला मास्क. आणि बोटं लाल झाली, खाज आली, तर त्या दिवसापासून बंद, चार दिवस थांबून परत नाही.

लेक : म्हणजे दिवा घेऊ?

आत्या : खोट्या नखांसाठी घे. जेल त्याच कंपनीचं घे, बारा रंग नकोत. एक बेस, एक टॉप, काळा, पांढरा आणि एक लाल. मापं घ्यायला खोट्या नखांचं एक पाकीट वेगळं ठेव. त्यातली नखं गिऱ्हाइकाच्या प्रत्येक बोटावर ठेवून बघायची आणि नंबर लिहून घ्यायचा. अंगठा, तर्जनी, सगळी बोटं, दोन्ही हातांची. डावा आणि उजवा अंगठा सारखा नसतो. नख बाजूच्या कातडीवर चढलं तर मोठं आहे, दोन्ही कडांना नख दिसलं तर लहान. मधलं नाही मिळालं तर मोठं घेऊन कडा घासायच्या.

माझी सही या दोघींपैकी कुणाच्या यादीवर असेल, असं वाचणाऱ्या मुलींनी विचारलं तर सांगते: पहिले दोन महिने आत्याची यादी, त्यानंतर लेकीची. आईबापांनी पैसे देताना हाच क्रम ठेवावा. दिवा आधी आणला की हात शिकायच्या आधी दिवाच काम करतो, आणि मुलीला वाटतं आपल्याला येतंय. ब्रश आधी आणला तर दिव्याची गरज किती आहे, हे तिचं तिला कळतं.

लेक : ड्रिल मशीन राहिलं.

आत्या : ते राहू दे. जेल काढायला ड्रिल लागत नाही. वरचा चकचकीत थर फायलरने हलका घासायचा, कापसाचा तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचा, वरून ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची, दहा-पंधरा मिनिटं. मग काडीने हलकेच सारायचं. निघत नसेल तर परत गुंडाळायचं. ओढून सोललंस तर नखाचा वरचा थर त्याच्याबरोबर येतो, ते पांढरे खडबडीत डाग महिनोन्महिने राहतात. आणि ॲसिटोनची बाटली गॅसपासून, देवघरातल्या निरांजनापासून लांब. तिची वाफही पेट घेते.

लेक : अजून एक. पहिली ऑर्डर आलीय. वर्गातल्या मैत्रिणीची ताई. तिच्या हातावरच साधं नेलपेंट आणि वारली हवंय. पण तिचं अंगठ्याचं नख पिवळं पडलंय आणि जाड झालंय, म्हणून ती म्हणाली, गडद रंगाने झाकून दे.

आत्या : रंग नाही लावायचा. बुरशी असू शकते. तिला कातडीच्या डॉक्टरकडे पाठव.

लेक : ती नाराज होईल गं.

आत्या : होऊ दे. बाकीच्या नऊ बोटांनाही लावू नकोस, आणि तिच्या हाताला एकदा लागलेला फायलर तिलाच देऊन टाक.